काळ्या पट्टीखालचा दिवा

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या गाडीतला पिवळा दिवा आहे. अगदी छोटा, करंगळीच्या नखाएवढा. चालवणाऱ्याच्या समोर वेगाचा काटा असतो ना, त्याच्या खालच्या कोपऱ्यात माझी जागा. माझ्या काचेवर स्टिअरिंगच्या चाकाचं बारीकसं चित्र आहे. देवघरातला दिवा लागला की घरातली माणसं हात जोडतात. मी लागलो की माणसांनी गाडी थांबवावी, एवढीच माझी अपेक्षा असते. मी विझलेला असणं यातच माझं सुख आहे आणि तुमचंही.

माझं काम आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढची गोष्ट कळायला अडचण येणार नाही. आमच्या गाडीत स्टिअरिंगच्या दांड्याला एक विजेची मोटार बसवलेली आहे. माणसानं चाक जरासं वळवलं की उरलेला जोर ही मोटार लावते. त्यामुळे चाक एका हातानंही सहज फिरतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही कारखान्यातून बाहेर पडलो, तेव्हा लहान गाडीत ही सोय म्हणजे मोठीच चैन होती. वीज कमी पडली किंवा एखादी वायर सुटली की मोटार मदत थांबवते, चाक दगडासारखं जड होतं आणि मी पेटतो. त्यात ही मोटार भारी मानी. एकदा रुसली की चावी बंद करून गाडी पुन्हा सुरू करेपर्यंत कामाला हात लावत नाही. पुन्हा सुरू केली की काही घडलंच नाही अशा थाटात कामाला लागते, आणि मग मलाही विझावं लागतं. पुढचा सगळा घोटाळा या रुसव्यामुळेच झाला.

माझे पहिले मालक देवळाली कॅम्पातले एक निवृत्त लष्करी अधिकारी होते. गाडी स्वतः पुसल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागत नसे. एकदा स्टेशनकडे जाताना मी पेटलो. साहेबांनी तिथल्या तिथे गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि पाहतात तर बॅटरीच्या टोकावर पांढरी बुरशी चढून वायर सैल झालेली. ती साफ करून त्यांनी घट्ट बसवली, आत येऊन माझ्या काचेवर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "शाबास." मला मिळालेली ही एकमेव शाबासकी, मित्रांनो. पुढे साहेबांची नजर अधू झाली, त्यांनी गाडी विकली आणि आम्ही शहरातल्या द्वारका चौकाजवळ जुन्या गाड्यांच्या रांगेत धूळ खात उभे राहिलो.

तिथून आम्हाला वणीच्या गोरक्षभाऊंनी नेलं. दोन हजार सहा सालची गोष्ट. गोरक्षभाऊंचं वणीत बी-बियाण्यांचं दुकान होतं. गाडी त्यांना स्वतःसाठी नको होती, ते मोटारसायकलवर खूश होते. गाडी हवी होती त्यांच्या बायकोला, योगिनीबाईंना. योगिनीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची बदली सुरगाण्याच्या बाजूला, घाटापलीकडच्या एका पाड्यावर झाली होती. एसटी शाळा भरून गेल्यावर पोचायची, आणि जीपला इतकी गर्दी की माणसं टपावर बसायची. रोज वेळेवर जाणं जमलं नसतं तर नोकरी सोडावी लागली असती. ती नोकरी त्यांनी शिकून, परीक्षा देऊन, स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती.

आणि योगिनीबाईंच्या उजव्या हाताची एक अडचण होती. लहानपणी झोक्यावरून पडून कोपर मोडलं होतं आणि हाडवैद्यानं ते वाकडं बसवलं होतं. तो हात छातीच्या वर जात नसे आणि त्यात जोर नसे. म्हणून फळ्यावरची त्यांची अक्षरं नेहमी फळ्याच्या खालच्या अर्ध्यात असत. साधी गाडी त्यांना वळवता आली नसती. आमच्या गाडीचं चाक त्यांनी डाव्या हातानं फिरवून पाहिलं, उजवा हात नुसता वर टेकवला, आणि त्यांना हसू आलं. शेजारी बसलेले गोरक्षभाऊ म्हणाले, "झालं तर मग. आता तुला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." त्या दिवशी मी विझलेला होतो आणि मनापासून आनंदात होतो.

घरात तिसरं माणूस म्हणजे गोरक्षभाऊंची आई, चतुराबाई. आयुष्य मळ्यात गेलेलं, हात खडबडीत, आणि गडावरच्या देवीवर अपार श्रद्धा. गाडी घरी येताच त्यांनी ती गडावर न्यायला लावली. देवीच्या पायाचा नारळ लाल कापडात बांधून गाडीत ठेवायचा, म्हणजे सुनेला घाटात काही होणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. काचेपाशी ठेवला तर नारळ गडगडेल आणि आरशाला टांगला तर रस्ता झाकेल, असं गोरक्षभाऊ म्हणाले. मग चतुराबाई दाराशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी स्टिअरिंगखाली हात घातला. तिथे त्यांना एक आडवी जुडी लागली, बांधायला अगदी आयती. त्या जुडीला त्यांनी नारळ पक्का बांधला आणि हात जोडले.

ती जुडी म्हणजे मोटारीकडे जाणाऱ्या वायरी होत्या. माझीही नस तीच. त्या क्षणी मला खाली ओढ बसली, पण सगळं चालू होतं, म्हणून मी गप्प राहिलो. मला ओढ सांगता येत नाही, फक्त तुटलेलं सांगता येतं.

पुढच्या वर्षी दुसरा नारळ आला. पहिला सोडायचा नाही, देवीच्या पायाची वस्तू आहे, म्हणून दुसरा त्याच्यावरच बांधला गेला. गाठोडं फुगलं आणि माझी नस आणखी ताणली गेली. वायरींचा जिथे जोड असतो, ज्याला मिस्त्री लोक कपलर म्हणतात, तो आपल्या खाचेतून केसभर बाहेर सरकला. वर बसलेल्या कुणालाच याचा पत्ता नव्हता.

मी पहिल्यांदा पेटलो तो घाटात, एका उजव्या वळणावर. योगिनीबाई एकट्याच होत्या. चाक अर्धवट वळलं आणि एकदम जड झालं. त्यांनी डाव्या हातानं, मग दोन्ही हातांनी, मग अख्ख्या अंगाचा भार टाकून ते ओढलं. गाडी कठड्याच्या इतकी जवळून गेली की खालच्या दरीतले साग त्यांना दिसले. वळण संपल्यावर त्यांनी गाडी कडेला थांबवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटलेलाच होतो. त्यांनी चावी बंद करून पुन्हा फिरवली, मी विझलो, आणि चाक लोण्यासारखं हलकं झालं.

मित्रांनो, त्या वेळी मला स्वतःच्या विझण्याची लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं. गोरक्षभाऊंनी गाडी बाजारातून फिरवून आणली, गल्लीबोळांत वळवली, काहीच झालं नाही. तरी भला माणूस, रविवारी गाडी घेऊन द्वारकेला यादव मिस्त्रींकडे गेला. यादव मिस्त्री काही अडाणी नव्हते. त्यांनी बॅटरी तपासली, ती जुनी होती म्हणून बदलली. पट्टा पाहिला, फ्यूज पाहिला, बॉडीला जोडलेली वायर घासूनपुसून घट्ट केली. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. स्टिअरिंगखाली टॉर्च मारली तेव्हा लाल कापड दिसलं. त्यांनी हात कपाळाला लावला, त्याला धक्का लागू नये म्हणून डोकं मागे घेतलं आणि दुसरीकडे शोधायला लागले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत.

त्यानंतर मी दोनदा पेटलो, दोन्ही वेळा घाटात, दोन्ही वेळा वळणावर. एकदा तर समोरून लाकडांचा ट्रक येत होता. पुन्हा यादव मिस्त्रींकडे वारी झाली. या वेळी योगिनीबाई बरोबर गेल्या होत्या. मी चालवून दाखवू का, असं त्यांनी विचारलं. यादव मिस्त्री अदबीनं म्हणाले की ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, सावलीत बसा, चहा घ्या. आणि स्वतः गाडी घेऊन द्वारकेच्या गर्दीतून चक्कर मारून आले. मिस्त्री उंच, सीट पार मागे सारून बसणारे. गोरक्षभाऊही तसेच. त्यांच्या हाती मोटार कधी रुसली नाही. रुसायची ती फक्त योगिनीबाईंच्या हाती, आणि घोडं कुठे पेंड खातंय हे बघायला त्यांना त्यांच्या जागेवर बसवावं, हे कुणालाही सुचलं नाही.

यादव मिस्त्री रुमालाला हात पुसत म्हणाले, "गोरखभाऊ, गाडीत काय बी नाय. हा दिवाच खोटा हे. ताई त्याच्याकडं बघतात अन् हात जड पडतो. मनाचं असतंय."

आणि त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडून माझ्या तोंडावर लावला.

मला खोटा म्हटल्याचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की योगिनीबाईंनी ते खरं मानलं. परतताना गोरक्षभाऊ सहज बोलून गेले की अगं, थंडीचा तुझा हात दुखतोच ना, त्यानंच वाटत असेल. वाकडं काही मनात नव्हतं त्यांच्या. पण त्या दिवसापासून योगिनीबाई सकाळी उठून पाण्यानं भरलेला तांब्या उजव्या हातात धरून वरखाली करायला लागल्या. रात्री तेल चोळायच्या. गाडीत बसण्याआधी मुठी आवळून, सोडून बघायच्या. हात हळूहळू निकामी होतोय अशी भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती, आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नाही. मी पट्टीखाली अंधारात होतो. पेटलो तरी कुणाला दिसणार नव्हतो. घाटाचं प्रत्येक वळण जवळ आलं की मला आतून धडकी भरायची.

असं करत दोन हजार आठची दिवाळी जवळ आली. चतुराबाईंना गडावर जायचं होतं. गोरक्षभाऊच नेणार होते, पण ऐन वेळी दुकानात कांद्याच्या बियाण्याला गर्दी झाली. तूच ने आईला, ते योगिनीबाईंना म्हणाले.  योगिनीबाईंनी मुठी आवळून पाहिल्या आणि त्या गाडीत बसल्या.

चढताना काही झालं नाही. चढाला ब्रेक लागतो कुठे फारसा. वर दर्शन झालं. चतुराबाई येताना तिसरा नारळ घेऊन आल्या, नवा, पाण्यानं भरलेला, जड. सुनेचा हात बरा होऊ दे म्हणून या वेळी त्यांनी देवीला वेगळं साकडं घातलं होतं. त्या दाराशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी तो जुन्या गाठोड्यावर करकचून बांधला. माझी नस आता कशीबशी जागेवर होती. मला ओरडता येत असतं तर मी सबंध गड जागा केला असता.

उतार सुरू झाला. ऊन लख्ख होतं, खाली नांदुरीची घरं काडेपेट्यांएवढी दिसत होती. चतुराबाई पुढच्या सीटवर प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शेजारणीला किती प्रसाद द्यायचा ते ठरवत होत्या. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. पुढच्या वळणाला योगिनीबाईंनी ब्रेक दाबला, चाक फिरवायला घेतलं, आणि मी पेटलो.

चाक थबकलं. पट्टीच्या कडेनं माझा पिवळा उजेड जेमतेम रेघभर बाहेर आला असेल. समोर कठडा होता, आणि तोही मधेच ढासळलेला.

"योगिनी, वळीव की," चतुराबाई म्हणाल्या.

"आई, वळत नाही."

चतुराबाईंनी मांडीवरची पिशवी टाकली, आडव्या झाल्या आणि दोन्ही हातांनी चाक धरून डोंगराच्या बाजूला ओढलं. मळ्यातले हात होते ते. चाक हललं, पण रडतखडत. गाडी ढासळलेल्या कठड्याला घासून फिरली, रस्ता आडवा ओलांडून गेली आणि डोंगराकडच्या गटारात एक चाक जाऊन कलंडून थांबली. चतुराबाईंचं कपाळ काचेवर आपटलं. इंजिन बंद पडलं, योगिनीबाईंनी चावी बंद केली आणि मी विझलो.

 योगिनीबाई रडायला लागल्या. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं ते. माझा हात गेला, आई, त्या म्हणाल्या. तुमचा जीव घेतला असता मी. उद्यापासून गाडी नको आणि शाळाही नको, राजीनामा देऊन टाकते.

चतुराबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्या आपल्याच तळव्यांकडे बघत होत्या.

"हात कशानं गेला?" त्या म्हणाल्या. "म्या दोन हातांनी धरलं तरी हालंना ते. नांगर धरलाय म्या. दोष तुझ्या हाताचा नाय, त्या चाकाचाच हे."

मित्रांनो, इतक्या दिवसांत योगिनीबाईंचं खरं मानणारं हे पहिलं माणूस. का, तर त्या जड चाकाला त्यांनी स्वतः हात लावला होता.

चतुराबाई खाली उतरल्या, वळसा घालून सुनेच्या दाराशी आल्या आणि दार उघडून उकिडव्या बसल्या. गाडी चालू कर, म्हणाल्या. आधी नुसतं चाक फिरव. योगिनीबाईंनी चावी फिरवली, नखानं माझ्यावरची पट्टी खरवडून काढली, आणि चाक फिरवलं. हलकं. मी विझलेला. आता घाटात करतेस तसं सगळं कर, चतुराबाई म्हणाल्या, मी खाली बघते. योगिनीबाईंनी पाय उचलून घाटातल्या वळणावर दाबतात तसा ब्रेक करकचून दाबला.

हात आखडलेला, म्हणून त्या सीट अगदी पुढे घेऊन बसत. पाय ब्रेकवर जाताना त्यांचा गुडघा वर आला आणि लाल गाठोड्यावर टेकला. गाठोडं सरकलं, वायरींना हिसका बसला, आणि मी पेटलो. योगिनीबाईंनी चावी बंद केली, पुन्हा सुरू केली, मी विझलो. पुन्हा गुडघा टेकला. पुन्हा पेटलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. द्वारकेच्या दोन वाऱ्या झाल्या, नवी बॅटरी बसली, आणि दुखणं मात्र गुडघ्यापाशी होतं.

चतुराबाईंनी गाठोड्याला हात लावून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "हे गुडघ्याला लागतंय, ते तुला ठावं नव्हतं?"

योगिनीबाई खाली बघून म्हणाल्या, "लागायचं, आई. यानं असं होतं हे नव्हतं माहीत. पण लागायचं."

"मग सोड म्हनून सांगायचं नाय का मला?"

"तुम्ही माझ्यासाठी बांधलं होतं. सोडा कसं म्हणू?"

चतुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांनी एकदा गडाकडे पाहिलं आणि खाली वाकून गाठी सोडायला लागल्या. गाठी त्यांच्याच हातच्या, सुटता सुटेनात, शेवटी दातांनी सोडवल्या. तिसरा नारळ निघाला, मग दुसरा, मग आतून वाळून खडखड वाजणारा पहिला. माझ्या नसेवरचा भार उतरला, तेव्हा किती दिवसांनी मला मोकळं वाटलं म्हणून सांगू.

तेवढ्यात मागून भाविकांचा एक टेंपो आला. त्यातल्या माणसांनी गाडी गटारातून उचलून रस्त्यावर ठेवली. चतुराबाईंनी नवा नारळ तिथल्याच दगडावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. पहिला तुकडा सुनेच्या हातावर ठेवताना त्या म्हणाल्या, "नारळ देवीचा, पन गाठ माझी व्हती. देवीला बोल लावू नको." मग योगिनीबाई गाडी हळूहळू खाली घेऊन आल्या. प्रत्येक वळणावर चतुराबाईंचा हात स्टिअरिंगजवळ तयार होता, पण तो लावावा लागला नाही.

यादव मिस्त्रींनी कपलर खाचेत दाबून बसवला, वायरी वर उचलून पट्ट्यानं बांधल्या, आणि चहाचेही पैसे न घेता गाडी परत दिली. त्या दिवशी गोरक्षभाऊ उतरलेलं तोंड घेऊन बायकोच्या जागेवर बसले, सीट तिच्याएवढी पुढे ओढली आणि बराच वेळ ब्रेकवर पाय ठेवून गुडघ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, ढासळलेला कठडा त्यांना तेव्हा दिसला.

आता मी म्हातारा झालो आहे. काचेवर पट्टीचा डिंक अजून थोडा चिकटलेला आहे. इशारा देणाऱ्याचं तोंड झाकलं म्हणून संकट टळत नाही, हे तर तुम्हाला आता सांगायला नकोच. पण माझं खरं मागणं दुसरं आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणीतरी कधीतरी म्हणेल, मला हे जड जातंय. तुम्हाला ते हलकं लागत असेल. तरी हसू नका, मनाचं आहे म्हणू नका. त्या माणसाला त्याच्याच जागेवर बसवा आणि तुम्ही खाली वाकून बघा. आणि जड जात असेल ते तुम्हीच असाल, तर मायेनं बांधलेली गाठसुद्धा सोडा म्हणून सांगा, भिऊ नका.

योगिनीबाई वर्षभर रोज सकाळी तांब्या उचलत होत्या. त्यांच्या हाताला नव्यानं काहीही झालेलं नव्हतं.